‘सौंदर्यदृष्टी नाही’ म्हणणाऱ्यांना: पुलांच्या रोषणाईबद्दल थोडं

नस्ती_उठाठेव

परवा ‘कट्टेकरी’ यांनी रात्रीच्या वांद्रे-वरळी सी-लिंकचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, की पुलांच्या रोषणाईवर बोंब मारणाऱ्यांना सौंदर्यदृष्टी नाही, मराठी माणूस खर्च म्हटला की रडतो, जगातल्या प्रत्येक मोठ्या शहराने आपले पूल उजळलेत. तिथेच दोन ओळी लिहायला घेतल्या, त्या आटपेनात, म्हणून हा वेगळा धागा.

फोटो छान आहे. फोटोबद्दल तक्रार नाही, तक्रार क्रमाची आहे. २०२२ च्या अखेरीस जी-२० चे पाहुणे यायचे होते आणि मुंबई सुशोभीकरणाचा सुमारे १७०० कोटींचा बार उडाला. उड्डाणपुलांना रंग, कठड्यांना दिवे, विजेच्या खांबांना तिरंगी माळा, आणि खांब संपले तेव्हा झाडांच्या बुंध्यांना माळा. झाडांचं प्रकरण पुढे हायकोर्टात गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंधेरीचा गोखले पूल धोकादायक म्हणून बंद झाला. त्याचा पादचारी भाग जुलै २०१८ मध्येच रुळांवर कोसळला होता. म्हणजे चार वर्षं आपण त्याच पुलावरून जात होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तर ती शेजारच्या बर्फीवाला पुलाला जुळेना, दोघांच्या उंचीत माणूस उभा राहील एवढा फरक.

आता घरचं. आमच्या स्टेशनबाहेरच्या पादचारी पुलाला कठड्याच्या बाहेरून निळ्या-जांभळ्या पट्ट्या लावल्यात. जिन्यावर मात्र एकच ट्यूब, तीही फडफडणारी. मधल्या वळणावर लादी उखडलीय, खालचं सिमेंट दिसतं. आई तिथे पोचली की पिशवी खांद्यावर टाकते, दोन्ही हातांनी कठडा धरते आणि चपलेच्या टोकाने पायरी चाचपते. वरून जांभळा उजेड डोळ्यांत, खाली पाय अंधारात. वॉर्डात तक्रार दिली तर उत्तर काय? रोषणाईचं खातं वेगळं, जिन्याचं वेगळं.

रडतो तो मराठी माणूस यासाठी रडतो, कट्टेकरी.

कट्टेकरी

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. आता हिशेब सरळ करू. सी-लिंक एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. १७०० कोटी महापालिकेचे. गोखले पूल रेल्वे आणि महापालिका यांच्यात अडकलेला. तुमच्या स्टेशनचा जिना आणखी कुणाचा तरी. सगळ्यांची खिचडी करून वाढलीत.

दुसरं. सी-लिंकवर दुचाकी जात नाही, रिक्षा जात नाही, पायी जायला बंदी. गाडीवाला शंभर रुपये टोल भरून चार-पाच मिनिटांत पार होतो, त्याला केबलवरची रोषणाई धड दिसतही नाही. दिसते कुणाला? दादर चौपाटीवर, माहीमच्या वाळूत, बँडस्टँडच्या दगडांवर बसलेल्याला. घरात सहा माणसं आणि खोली एक, म्हणून बाहेर येऊन बसणाऱ्याला. या शहरात बसून बघायला फुकट असं उरलंय काय?

८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा चालू झालीच नाही. रविवारी ते आम्हा भावंडांना मरीन ड्राइव्हला न्यायचे. भेळ नाही, चणे नाहीत. कठड्यावर बसायचं आणि दिवे लागताना बघायचे. त्या दिव्यांचा खर्च तेव्हा कुणी असा काढला असता तर आमचा रविवारही गेला असता.

नस्ती_उठाठेव

खाती चार असतील हो, पँट एकच आहे आणि ती आपण शिवून दिलीय. खिसा कुठला ते तुम्ही बघा.

चौपाटीवरच्या माणसाचा मुद्दा मात्र उत्तम. टेंडर काढणाऱ्याच्या डोक्यात तो एकदा जरी आला असता तर आणखी उत्तम झाला असता.

महाडचा_बाब्या

चालू द्या तुमचं निळं-जांभळं. आमच्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला. दोन एसट्या गेल्या, इतर गाड्या गेल्या. पूल गेलाय हे मागून येणाऱ्याला कळायला तिथे एक साधा दिवा नव्हता. मिट्ट काळोख आणि पाऊस. आमचा चुलता त्या रात्री पोलादपूरहून निघायचा होता, टायर पंक्चर झालं म्हणून राहिला. अजून त्या वळणावर आला की गाडीत बोलणं बंद करतो.

आणि तो पूल मे महिन्यात तपासला होता म्हणे. सुरक्षित आहे म्हणे.

नंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा केला. म्हणजे मनात आणलं तर होतं! मग हायवे का होत नाही? २०११ पासून मुंबई-गोवा चौपदरीकरण चाललंय. दर गणपतीला मंत्री येतो, खड्ड्यात उभा राहतो, फोटो काढतो, पुढच्या वर्षीची तारीख देतो. आधी त्यातलं पळस्पे ते इंदापूर नीट करा, मग काय हवं ते उजळा.

कट्टेकरी

बाब्या, मनापासून वाईट वाटतं. पण आता धागा हायवेवर गेला की परत येत नाही. मागे मोदकाच्या पाककृतीखालीही तुम्ही पळस्पे फाटा काढला होता.

महाडचा_बाब्या

मोदकाला नारळ लागतो, नारळाचा ट्रक त्याच रस्त्याने येतो.

वायरमनकाका

दोघेही वीजबिल-वीजबिल खेळू नका, खरा खर्च तिथे नाहीच. समजा पुलावर दिव्यांची २००० फिटिंग, प्रत्येकी ४० वॅट. झाले ८० किलोवॅट. रोज सहा तास म्हणजे ४८० युनिट. दहा रुपयांनी धरा, दिवसाला ४८००, वर्षाला साडेसतरा लाख. मोठ्या पुलाच्या मानाने काहीच नाही.

खर्च पुढे आहे. मी एका उड्डाणपुलाच्या रोषणाईवर सबकाँट्रॅक्टमध्ये होतो, नाव घेत नाही. एलईडी मरत नाही, त्याला वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, मरतो. समुद्राच्या हवेने वायर शिरते तिथलं ग्लँड सैल होतं, झाकणाचं रबरी गॅस्केट कडक होतं, पाणी आत शिरतं. फिटिंग उघडलं की तळाशी चहाच्या रंगाचं पाणी आणि टर्मिनलवर हिरवट पूड. वरून ट्रक गेला की ब्रॅकेट हादरतं, नट सुटतो. हे एक फिटिंग बदलायला रात्री लेन बंद करायची, ट्रॅफिक पोलिसांची परवानगी, बूम लिफ्टचं भाडं, चार माणसं. फिटिंगपेक्षा चढणंच महाग. म्हणून कुणी चढत नाही. दोषदायित्व, म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची मुदत, संपेपर्यंत कसंबसं चालवतात, मग चार हिरवे, दोन मेलेले, एक उगाच लाल. मग कुणीतरी म्हणतं, पूल भकास दिसतोय, नवीन टेंडर काढा.

आणि कट्टेकरी, मरीन ड्राइव्हचं म्हणाल तर ते रस्त्याचे दिवे होते. कामाचे. रोषणाई नव्हे. सोडियमचे पिवळे.

कट्टेकरी

कामाचे होते म्हणून सुंदर नव्हते असं कुठे आहे? २०१५ मध्ये सोडियम काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा अख्खी मुंबई पेटली होती. पक्षापक्षांत जुंपली, हायकोर्टापर्यंत गेलं, शेवटी पिवळसर एलईडी आणावे लागले. उजेड तर पांढऱ्यातही होता. लोक भांडले ते सौंदर्यासाठीच ना?

प्रभादेवीची_पोर

अख्खी मुंबई वगैरे काही पेटली नव्हती. समोरच्या इमारतींतले आणि पेपरवाले पेटले होते. मला पांढरेच बरे वाटले होते. रात्री क्लासवरून परतताना समोरच्याचा चेहरा ओळखू यायचा. सोडियममध्ये लाल ओढणी चॉकलेटी दिसते आणि माणूस नुसता सावली दिसतो. ‘वातावरण’ हवं असलेले सगळे पुरुष का असतात?

वायरमनकाका

पोरी, दोष पांढऱ्याचा नाही, फार निळसर पांढऱ्याचा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जेवढा मोठा तेवढा निळसर. ६००० केल्विन लावला की डोळ्यात खुपतो, पावसात आणि धुक्यात पसरतो, किडे जमतात. ३००० केल्विनचा चांगला एलईडी लावा, चेहरा दिसतो, ओढणी लाल दिसते आणि मरीन ड्राइव्हही मरीन ड्राइव्ह राहते. पण तेव्हा स्वस्त मिळाला तो लावला.

गिरगावातला_शेवटचा

आम्ही तिथे जन्मलो, त्यामुळे प्रभादेवीहून मार्गदर्शन नको. वाळकेश्वरच्या चढावरून पिवळी माळ बघितली नसेल त्याने केल्विन शिकवू नये. ती आमची ओळख होती. तुम्हाला चेहरा बघायचा तर टॉर्च घ्या.

प्रभादेवीची_पोर

टॉर्च घेऊन फिरायचं मी, आणि ओळख तुमची. छान. एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला तेवीस माणसं चेंगरून गेली. माझी मावशी त्यात दहा मिनिटांनी हुकली. तो जिना रुंद करा म्हणून किती वर्षं लोक लिहीत होते ते विचारा. आम्हाला पुलाची ओळख एवढीच पुरते, की वर गेलेलं माणूस खाली येतं.

गिरगावातला_शेवटचा

लगेच मृत्यू काढायचे म्हणजे समोरच्याने गप्प बसायचं. ठीक आहे, बसलो.

मिलपिटासची_मावशी

इथे सकाळ आहे, तुमचं भांडण चहासोबत वाचतेय. ‘जगातल्या प्रत्येक शहराने’ म्हणालात म्हणून आमच्या इथलं सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर २०१३ मध्ये पंचवीस हजार एलईडींची कलाकृती लावली होती. अप्रतिम दिसायची, पाहुणे आले की पहिलं तिकडे न्यायचो. लावायचा पैसा सरकारी तिजोरीतला नव्हता, देणग्यांतून जमवला होता. आणि तरी वारा, खारी हवा आणि पुलाची थरथर यांनी ती दहा वर्षांत खाल्ली. मार्च २०२३ मध्ये बंद केली. पुन्हा लावायची तर पुन्हा देणग्या गोळा करा, असा मामला होता.

कट्टेकरी

बघा, लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढले म्हणजे लोकांना हवीच होती की.

नस्ती_उठाठेव

बघा, ज्यांना हवी होती त्यांच्याच खिशातून गेले की.

तिरपागडा

अर्धा धागा मरीन ड्राइव्हवर, पाव पळस्पे फाट्यावर. पुलाबद्दल काही ठरलं का? मुंबई महापालिकेच्या ठेवी ९० हजार कोटींच्या घरात होत्या तेव्हाही जिन्याला ट्यूब नव्हती. त्यामुळे दिवे नाही लावले तर जिना होईल, हे गृहीत धरणारे नस्ती_उठाठेव भोळे आहेत. दिव्यांचे वाचलेले पैसे जिन्याला जात नाहीत, ते दुसऱ्या दिव्यांना जातात.

नस्ती_उठाठेव

एवढं कडू सत्य रात्री झोपताना नका सांगत जाऊ. बरं, तडजोड घ्या. पुलाच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल आधी जाहीर करायचा. २०१९ मध्ये सीएसएमटीचा हिमालय पादचारी पूल पडला, त्यालाही तपासणीत किरकोळ दुरुस्तीच सांगितली होती, म्हणून नुसता शिक्का नको, अख्खा अहवाल. मग पायऱ्या, कठडे, पादचाऱ्याच्या पायाखालचा उजेड. त्यानंतर खुशाल केबलला मोरपंखी रंग द्या, चौपाटीवर जाऊन मीही टाळ्या वाजवीन. फक्त दोषदायित्व दहा वर्षांचं, आणि एक फिटिंग आठवडाभर बंद राहिलं तर दंड.

कट्टेकरी

अहवालाची अट मान्य. माझ्या फोटोला ‘छान’ म्हणालात ते लक्षात ठेवलंय. दंडाचंही मान्य.

वायरमनकाका

दहा वर्षं दोषदायित्व आणि आठवड्याला दंड? या अटींवर टेंडर भरायला एकही ठेकेदार येणार नाही.

नस्ती_उठाठेव

म्हणूनच घातलीय अट, काका.

महाडचा_बाब्या

हीच अट हायवेला घाला.