मदत हवी आहे: रॅपर एमएफ डूमचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत?

मंडळी, 'मॅडव्हिलनी' (2004) आता जवळपास पाठ झालाय. संगीत बनवणाऱ्या मॅडलिबने जुन्या रेकॉर्डमधून कापून जोडलेले तुकडे, बरीचशी गाणी दोन-अडीच मिनिटांत खल्लास, कोरस बहुतेक ठिकाणी नाहीच, आणि त्यावर डूमचा तो जड, झोपाळू आवाज! एकेका ओळीत यमकांवर यमकं कोंबतो, तरी घाई कुठेच जाणवत नाही. त्याच वर्षीचा 'एमएम..फूड'ही आवडला, पण मधले कार्टूनच्या संवादांचे तुकडे मी सरळ पुढे ढकलतो. (रागावू नका.)

अडलंय ते पुढे. 2003 मध्ये त्याने किंग गीडोरा आणि व्हिक्टर व्हॉन अशा दोन नावांनी अल्बम काढले. यातला आधी कोणता घ्यावा? की थेट 1999 च्या 'ऑपरेशन: डूम्सडे'वर जावं? तो त्याचा भाऊ सबरॉक वारल्यानंतरचा, मग आधी दोघांच्या केएमडी या ग्रुपची गाणी ऐकली तर जास्त भिडेल का?

आणखी एक. 'स्पेशल हर्ब्ज' या त्याच्या बिनशब्दांच्या अल्बममालिकेतली कोणती बीट (गाण्यामागचं संगीत) त्याच्या कोणत्या गाण्यात आहे, याची यादी कुणी केली असेल तर प्लीज द्या. मला कानाने ओळखू येतात त्या अगदीच थोड्या.