मराठी कादंबरीला एजंट लागतो का?

धंतोलीकर
कादंबरी पूर्ण झाली आहे, साधारण ७० हजार शब्द. लेखकातर्फे प्रकाशकांशी व्यवहार करणारा एक एजंट नुसतं वाचायचेच पंधरा हजार मागतोय. द्यावेत का? आणि नागपुरात विचारायचं कुणाला, तेही सांगा न जी.

महालवाला
एक रुपयाही देऊ नका. खरा एजंट तुमच्या मिळकतीतून टक्केवारी घेतो, सहसा १५ टक्के, परदेशातल्या हक्कांवर २०. पुस्तक विकलं गेलं नाही तर त्याला काही मिळत नाही, म्हणून तो निवडून घेतो. पैसे आधीच मिळाले की त्याला धावपळ करायची गरजच काय?

मराठीत बहुतेक लेखक थेट प्रकाशकाकडेच जातात. एजंटाचा खरा उपयोग इंग्रजी अनुवाद आणि पडद्याचे हक्क विकायला.

पाठवताना एक पानाचं पत्र, दोन पानी सारांश आणि पहिली तीन प्रकरणं द्या. सारांशात शेवट लपवू नका, ती मलपृष्ठावरची जाहिरात नव्हे. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधली फाईल समोरच्याकडे नुसती चिन्हांची रांगोळी होऊन उघडते.

रामदासपेठ
खरी गोम करारात असते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ वाचाच. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच प्रकाशकाच्या छापील करारात ‘संपूर्ण मुदत, जगभर, सर्व हक्क’ असं असतं. संपूर्ण मुदत म्हणजे लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं! ते खोडायला लावा. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांची प्रत्येकी वेगळी ओळ मागा.

रॉयल्टी, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे लेखकाचा वाटा, कशावर धरतात हेही बघा. ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के म्हणजे ३० रुपये. पण विक्रेत्याची ४० टक्के सवलत वजा जाता उरलेल्या रकमेवर धरली, तर हातात १८ येतात.

एजंटाशी करार केलात तर बाहेर पडायची नोटीस किती दिवसांची, ते लिहून घ्या. त्याने जमवलेल्या व्यवहारावर त्याची टक्केवारी पुढेही चालू राहते, ते रास्तच आहे. तुमच्या पुढच्या पुस्तकांवर मात्र आपोआप हक्क नको.

धंतोलीकर
एकाच वेळी तिघा-चौघांना पाठवलं तर?

महालवाला
चालतं, फक्त पत्रात तसं लिहा. कुणाचा होकार आला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. आणि सही करण्याआधी विदर्भ साहित्य संघात चक्कर मारा. १९२३ पासूनची संस्था आहे, पुस्तकं निघालेले लेखक तिथे भेटतात. त्यांना रॉयल्टीचं कलम कसं लिहून घेतलं ते विचारा.