पॉलिसी घेतली नाही तरी फाइल उरतेच

‘विमा पॉलिसी घेतलीच नाही, तर आपली माहिती कंपनीकडे कशाला राहील?’ हे म्हणणं मला पटत नाही. प्रपोजल फॉर्म (विम्याचा अर्ज) आणि रक्त-लघवीचे रिपोर्ट एकदा अंडररायटरच्या, म्हणजे जोखीम जोखून अर्जावर निर्णय घेणाऱ्याच्या, फाइलला लागले की लागले, अर्ज मंजूर होवो वा न होवो. रक्कम मोठी असेल तर हीच माहिती पुनर्विमा कंपनीकडेही (विमा कंपनीच्या जोखमीचा वाटा उचलणाऱ्या कंपनीकडे) जाऊ शकते, जिचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

अमेरिका-कॅनडात तर विमा कंपन्यांनी १९०२ सालीच अशी माहिती एकमेकींना कळावी म्हणून एमआयबी (मेडिकल इन्फर्मेशन ब्युरो) ही सामाईक संस्था काढली. एका कंपनीला सांगितलेला मधुमेह दुसरीपासून लपवला, तर तिथल्या सांकेतिक नोंदीवरून शंका येते. नोंद सात वर्षं राहते. अमेरिकेत आपली नोंद वर्षातून एकदा फुकट मागवता येते (मागवतो कोण म्हणा!). आणि या देवाणघेवाणीला परवानगी? फॉर्मवरच्या बारीक अक्षरांखाली सही आपलीच असते.