तालीम, तर्बियत यांना मराठीत काय म्हणावं?

शाईदौत: अलीगढच्या कॉलेजचे संस्थापक सर सय्यद अहमद खान यांचे काही उर्दू निबंध मराठीत आणतेय. इंग्लंडहून परतल्यावर १८७० मध्ये त्यांनी 'तहजीबुल अखलाक' हे नियतकालिक काढलं, त्यातला 'तालीम आणि तर्बियत' हा निबंध हाती आहे. संपादक म्हणतात, 'शिक्षण आणि संस्कार' लिहून मोकळ्या व्हा. पण सय्यदसाहेबांची व्याख्या अशी: माणसात जे आहे ते बाहेर काढणं ही तालीम, आणि त्याला एखाद्या कामालायक करणं ही तर्बियत. हे 'संस्कारा'त कुठं बसतं?

रंकाळा: तालीम तशीच ठेवू नका एवढं सांगतो. आमच्याकडं तालमीत लाल माती असते. शिवाय कोल्हापुरात तालीम फुटबॉलपण खेळते, पाटाकडील तालीम ऐकलं नाही का?

पडदा_वर: आणि आमच्या नाटकवाल्यांची रंगीत तालीम?

शुद्धमती: परके शब्द हवेतच कशाला? 'अध्यापन आणि संगोपन' करा.

रंकाळा: संगोपन गाईवासरांचं करतात ओ.

जुनी_वही: गांधीजींची 'नई तालीम' ही शिक्षणयोजना वर्ध्याचीच ना? ती आखणाऱ्या १९३७ च्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन, तेही अलीगढचे विद्यार्थी. सेवाग्राममुळे हा अर्थ मराठी वाचकाला माहीत आहे, तेव्हा तालीम बिनधास्त ठेवा. तर्बियतला 'वळण' घ्या. १८७५ ला अलीगढला शाळा निघाली, १८७७ ला कॉलेजची कोनशिला बसली, पण सय्यदसाहेबांचा जीव वसतिगृहात होता. एकत्र जेवण, नमाज, क्रिकेट, वादसभा. मुलांना वळण लावायचं ते तिथं.

टाचणी: कोणाच्या मुलांना, तेही लिहा. अशराफ, म्हणजे खानदानी घरांतल्या. विणकराच्या पोरासाठी ते वसतिगृह नव्हतं. मुलींची शाळा अलीगढला १९०६ मध्ये निघाली, शेख अब्दुल्लांनी काढली, तोवर सय्यदसाहेबांना जाऊन आठ वर्षं झाली होती. आणि राजकारणही याच तर्बियतीतून येतं. १८८७ च्या डिसेंबरात लखनौला त्यांनी मुसलमानांना काँग्रेसपासून लांब राहायला सांगितलं: आधी शिका, मग बघू. त्याच वेळी मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्षपदी मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी! तेही शिक्षणवालेच, अंजुमन-इ-इस्लाम ही शिक्षणसंस्था उभी करणाऱ्यांतले. त्यांना शाळा आणि काँग्रेस दोन्ही एकदम चालत होतं. 'वळण' म्हटलं की हे सगळं गोड होऊन जातं.

शाईदौत: पटतंय. पण तळटीपेत किती कोंबू? शब्द तर हवाच.

जुनी_वही: गोडावरून आठवलं, तर्बियत आणि मुरंबा एकाच अरबी धातूचे. वाढवणं, जोपासणं या अर्थाचा धातू. त्यातूनच 'मुरब्बी', आपला मुरब्बी राजकारणी.

शुद्धमती: काहीतरीच. मुरलेला आंबा तो मुरांबा. सरळ मराठी आहे.

जुनी_वही: मग उर्दूत गाजराचा मुरब्बा असतो, त्यात आंबा कुठं असतो?

शुद्धमती: उर्दूचं उर्दूत. आपल्याकडे गुळाचा गुळांबा, साखरेचा साखरांबा, तसा मुरांबा.

रंकाळा: आमची आजी मुरंबाच म्हणायची, 'रं' वर अनुस्वार. मुरांबा पुण्याचा.

टाचणी: इथं वसाहतकाळातल्या शिक्षणाचं काही चाललं होतं बहुतेक.

पडदा_वर: चालू द्या हो. कामालायक करणं म्हणजे 'तयार करणं'. गवयी म्हणतात ना, गळा तयार आहे. 'शिक्षण आणि तयारी' कसं वाटतं?

शाईदौत: तयारी परीक्षेची वाटते. 'घडण' बघतेय सध्या.

शुद्धमती: घडण चांगलं. पण मुरंब्याचं उत्तर राहिलं: आवळ्याचा होतो तो मोरावळा. मुरलेला आवळा! आता हाही अरबस्तानातून आला का?

जुनी_वही: मोरावळा मुरंब्यावरून बेतला असेल की.

शुद्धमती: असेल म्हणजे? पुरावा द्या.