शब्दचर्चा : ‘मूळची सर नाही’ – विनोदी रिमेक पाहून आपण काय काय म्हणतो

इंदिरानगर, नाशिक

एका जुन्या, गाजलेल्या विनोदी चित्रपटाचा रिमेक नुकताच पाहिला. तो चांगला की वाईट यावर इथे वाद नको. मला विचारायचंय ते खेळ सुटल्यावर जिन्यात कानावर पडलेल्या बोलण्याबद्दल. “मूळची सर नाही त्याला,” एक काकू म्हणाल्या. “शिळ्या कढीला ऊत, दुसरं काय!” हे त्यांच्या यजमानांचं मत. कॉलेजातली मुलं म्हणत होती, “डोक्यात गेला राव.” घरी येऊन एक परीक्षण वाचलं, तर त्यात ‘प्रेक्षागृहात हसू पिकते’ असं लिहिलेलं. हसू पिकतं का? तिथे ‘हशा’ हवा होता असं मला वाटतं, पण का ते सांगता येईना. शिवाय ही ‘सर’ कुठली? पावसाची, मोत्यांची की तिसरीच? आणि रिमेकला आपल्याकडे धड शब्द आहे की नाही? जाणकारांनी सांगावं.

पंचवटी

ताई, सर तिसरीच. मोत्यांचा सर पुल्लिंगी. पावसाची सर आणि तुमच्या काकूंची सर, दोन्ही स्त्रीलिंगी, पण अर्थाने एकमेकींपासून लांब. काकूंची सर म्हणजे बरोबरी. या शब्दाची खुबी अशी की तो जवळजवळ नेहमी नकारातच वापरला जातो. ‘त्याची सर याला नाही’, ‘तिची सर कुणाला यायची?’ प्रश्न केला तरी तोही नकारच. ‘या चित्रपटाला जुन्याची सर आली’ असं कौतुक मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ‘तोड’ या शब्दाचंही तसंच, ‘तोड नाही’ म्हणतो. पण त्याला निदान ‘तोडीस तोड’ असा एक होकारी प्रयोग मिळाला. सरला तेवढाही नाही. म्हणजे रिमेक चांगला निघाला तर ‘सर’ शब्द चर्चेतून बाहेरच पडतो. तेव्हा लोक ‘जमलाय’ म्हणतात. मराठी प्रेक्षकाच्या तोंडचं हे मोठं प्रशस्तिपत्र आहे, त्याला कमी लेखू नका.

एक बारीक गोष्ट. ‘मूळची’ म्हणजे एरवी ‘मुळातली, तिथली’: मूळची नाशिकची, मूळची कोकणातली. ‘मूळची सर नाही’ हा बोलण्यातला संक्षेप आहे आणि बोलताना तो शोभतो. लिहिताना मात्र ‘मूळ चित्रपटाची सर नाही’ असं लिहावं.

नाशिकरोड

डोक्याचे प्रयोग तीन आहेत आणि तिन्ही सिनेमाला लागतात, म्हणून घोळ होतो. प्रेक्षकांनी सिनेमा *डोक्यावर घेतला*: अफाट आवडला. सिनेमा *डोक्यावरून गेला*: कळलाच नाही. सिनेमा *डोक्यात गेला*: चीड आली. पहिल्यात कर्ता प्रेक्षक आहे, उरलेल्या दोन्हींत सिनेमा. आवडला तर श्रेय प्रेक्षकाने घ्यायचं, नाही आवडला तर दोष सिनेमाचा, असं व्याकरणच सांगतं. विनोदी सिनेमा डोक्यावरून सहसा जात नाही. गेलाच तर डोक्यात.

शिळ्या कढीबद्दल माझी मात्र तक्रार आहे. हा वाक्प्रचार मिटलेलं, विटलेलं प्रकरण पुन्हा उकरून काढण्यासाठी आहे. भाऊबंदकीतलं जुनं भांडण लग्नाच्या मांडवात निघालं, तिथे तो चपखल बसतो. पण ज्या विनोदी चित्रपटाचे संवाद तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडी आहेत, तो शिळा कसा? रिमेकला नावं ठेवायच्या नादात आपण मुळालाच शिळं म्हणतो, हे त्या यजमानांच्या लक्षात आलं नसावं. आणि कृपा करून ‘उत’ लिहू नका. ऊत, ऊ दीर्घ. ‘उतू गेलं’मध्ये तो ऱ्हस्व होतो.

गंगापूर रोड

हशा, हसू, हसं. या तिघांची अदलाबदल चालत नाही. विनोदी रिमेकचं काय होणार तेही या तिघांतल्या फरकावरच ठरतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हसू एकट्याचं असतं. ते येतं, फुटतं, आवरत नाही, दाबावं लागतं. हशा एकट्याचा होत नाही, त्याला माणसं जमावी लागतात; म्हणून तो ‘पिकतो’. खसखसही पिकते, पण ती हलकी, रांगेरांगेतून सरकत जाणारी. रात्री घरी मोबाइलवर एकट्याने सिनेमा बघताना पोट धरून हसलात तरी हशा पिकला असं म्हणता येणार नाही. आणि हसं होतं ते दुसऱ्याचं. त्यात विनोद नसतो, फजिती असते. तेव्हा त्या परीक्षणात ‘हशा’च हवा होता, ‘हसू पिकते’ चूक आहे.

मी हौशी नाटकवाला. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत दिग्दर्शक सांगतो, “इथे लाफ्टर आहे, थांब.” हशा विरत आला की पुढचं वाक्य टाकायचं; आधी टाकलं तर ते हशात बुडतं, उशिरा टाकलं तर प्रसंग थंड पडतो. नाटकात हे रोज नव्याने जुळवता येतं, कारण समोरचा प्रेक्षक रोज वेगळा आणि नट जागा. सिनेमात नटाला प्रेक्षक दिसत नाही. तिथलं थांबणं संकलनाच्या टेबलावर कायमचं ठरून जातं. रिमेकमध्ये त्यात आणखी एक अडचण येते: प्रेक्षकाला वाक्य आधीच पाठ असतं. नटाने तोंड उघडायच्या आत अर्धं थिएटर ते म्हणून मोकळं होतं. मग मिळते ती टाळी. हशा नाही. टाळी ओळखीला मिळते आणि हशाला अनपेक्षित काहीतरी लागतं. ‘जुन्या वाक्यांना टाळ्या पडल्या पण मजा नाही आली’ असं लोक म्हणतात तेव्हा ते नेमकं हेच सांगत असतात.

आता सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा रिमेकच आहे, हे अनेकांना सांगितल्याशिवाय खरं वाटत नाही. हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) तो केला, आणि त्याचंही मूळ बंगालीत. तरीही ‘मूळची सर नाही’ असं बनवाबनवीबद्दल कुणी म्हणत नाही. का?

त्यातलं ‘हा माझा बायको पार्वती’ घ्या. बंगालीत व्याकरणातलं लिंग नाही. सर्वनाम, विशेषण, क्रियापद, काहीच बदलत नाही. तिथे ही चूक करताच येत नाही, म्हणून हा विनोदही होत नाही. हिंदीत ‘मेरा बीवी’ म्हणता येईल, पण ‘ये’ तसंच राहील, कारण ते दोन्ही लिंगांना सारखं. मराठीत ‘हा’ आणि ‘माझा’, दोन्ही शब्द घसरतात. धांदलीत सापडलेल्या माणसाची जीभ एका ओळीत दोनदा घसरते आणि खोलीतलं गुपित फुटायला आलेलं असतं. तो हशा मराठीच्या व्याकरणाने दिलेला आहे.

पुरुषाला साडी नेसवली म्हणजे आपोआप हसू येतं असं मुळीच नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती साळुंके या पुरुष नटाने केली. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. लोकांनी ते भक्तिभावाने पाहिलं. वेषांतर दोन्हीकडे आहे. हसवतं ते बोलणं.

दुसरं, ‘सत्तर रुपये वारले’. पैसे बुडतात. वारतात ती माणसं, तीही ज्यांच्याबद्दल आदराने बोलायचं अशी. आपण ‘आजोबा वारले’ म्हणतो. आदरार्थी अनेकवचनाचं रूप ‘वारले’, आणि रुपये मुळातच पुल्लिंगी अनेकवचनी, म्हणून त्यांनाही ‘वारले’च. व्याकरणात कुठेही खोट नाही, वाक्य अगदी गंभीर चेहऱ्याने उभं राहतं, आणि अर्थ मात्र सुतकातला. वसंत सबनीसांची लेखणी अशी चाले. हे वाक्य दुसऱ्या भाषेत शब्दाला शब्द ठेवून न्या, काय उरतं ते पाहा.

म्हणून रिमेकला माझा शब्द *बेतणं*. ‘अमुक चित्रपटावर बेतलेला’ हा प्रयोग मराठीत रुळलेला आहे, नवा घडवायची गरज नाही. शिंपी अंगाचं माप घेऊन कापड बेततो, तसं इथल्या माणसांच्या, इथल्या बोलण्याच्या मापाने कथानक कापावं लागतं. ‘आधारित’ म्हटलं की सरकारी वास येतो आणि काम किती केलं ते कळत नाही. ‘पुनर्निर्मिती’ बोलताना कुणी म्हणणार नाही. ‘नक्कल’ ही शिवी आहे, आणि ‘ढापलेला’ हा आरोप. मूळ न सांगता उचललं असेल तिथेच तो करावा.

बेतण्याची आपली परंपरा जुनी आहे. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आलं, आणि मर्फीनेही ते मोलिएरवरून घेतलेलं. देवलांनी काय केलं? पुरुषांना महिन्यांची नावं दिली, फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. आणि बायकांना नक्षत्रांची, कृत्तिका, रेवती, रोहिणी. पंचांगातच नेऊन बसवलं सगळ्यांना. त्या नाटकाला आजही हशा पिकतो, आणि हे परक्याचं आहे अशी शंका प्रेक्षकाला येत नाही.

इंदिरानगर

बंगालीत लिंग नाही म्हणून तो विनोद तिथे नाहीच, हे वाचून थक्क झाले. मग उलट प्रश्न येतो. इतकं भाषेत मुरलेलं असेल तर मराठी विनोदी चित्रपटाचा दुसऱ्या भाषेत रिमेक करूच नये का? आणि ‘रूपांतर’ शब्द का नको? आमच्या शाळेत तोच शिकवला होता.

गंगापूर रोड

करावा की. फक्त वाक्य उचलू नये, प्रसंग उचलावा आणि वाक्य त्या भाषेत नव्याने शोधावं. ‘हेरा फेरी’ (२०००) हा मल्याळम ‘रामजी राव स्पीकिंग’चा (१९८९) रिमेक. मूळच्या चित्रपटात तरुणांना आसरा देणारा माणूस नाटक मंडळीचा मालक होता. हिंदीत त्याचे झाले बाबूराव गणपतराव आपटे: गॅरेजवाले, धोतर नेसणारे, मराठी वळणाची हिंदी बोलणारे. केरळातल्या माणसाला मुंबईतला मराठी माणूस करून टाकलं आणि हिंदी प्रेक्षकाने त्याला डोक्यावर घेतलं. त्या भूमिकेतला हशा मल्याळममधून आलेला नाही, तो इथे पिकवलेला आहे.

रूपांतर उत्तम शब्द. तो मी टाळला कारण त्याला नाटकाची सवय लागली आहे, आणि आपल्या गावात तर ती लागणारच. शिरवाडकरांनी ‘दूरचे दिवे’ ऑस्कर वाइल्डवरून केलं आणि ‘राजमुकुट’ शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून, आणि दोन्हींना आपण रूपांतरंच म्हणतो. भाषांतरात वाक्य बदलतं आणि माणसं तीच राहतात; रूपांतरात माणसंही बदलतात. या कसोटीवर बनवाबनवी रूपांतरच आहे. चित्रपटाला हा शब्द लावायची सवय आपण लावली तर मला आनंद होईल. पण कालिदास कलामंदिरातून बाहेर पडताना ‘रूपांतर छान झालंय’ म्हणणारा माणूस मल्टिप्लेक्समधून बाहेर पडताना ते म्हणत नाही, हेही खरं.

मालेगाव

आमच्या गावाचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. यंत्रमागांच्या या गावात शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकूंना घोड्यांऐवजी सायकली दिल्या, बोली इथली ठेवली, नट गावातलेच. व्हिडिओ पार्लरमध्ये लोकांनी गर्दी केली. याला रिमेक म्हणायचं का? मूळ ‘शोले’ (१९७५) विनोदी नाही, आमचा आहे. बाहेरचे लोक ‘शोलेची नक्कल’ म्हणतात तेव्हा खरंच वाईट वाटतं. नक्कल करणारा मुळासारखं दिसायला बघतो. इथे तर मुळासारखं दिसता येणार नाही हेच आधी मान्य केलंय आणि त्यातूनच हशा काढलाय.

पंचवटी

त्याला *विडंबन* म्हणा, आणि मान ताठ ठेवून म्हणा. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ लिहून अत्र्यांनी या शब्दाला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली. विडंबन करायला मूळ कृती हाडामांसात मुरलेली असावी लागते, ती न आवडणाऱ्याला ते जमत नाही. मात्र ‘विटंबना’शी गल्लत नको. दोन्ही एकाच घरातले शब्द, पण मराठीत वेगळे झाले: विडंबनाने हशा पिकतो, विटंबनेने मन दुखावतं. रिमेकवर रागावलेले लोक ‘मूळ चित्रपटाचं विडंबन केलंय’ असं लिहितात, तिथे त्यांना विटंबना म्हणायचं असतं.

आणि ताई, ‘बेतलेला’ वापरणार असाल तर एक खबरदारी. ‘वर’ हवंच: *जुन्या चित्रपटावर* बेतलेला. ‘जुन्या चित्रपटातून बेतलेला’ असं हल्ली छापून येतं, ते टाळा. ‘जिवावर बेतलं’मधलं बेतणं वेगळ्या वाटेला गेलेलं आहे, त्याची धास्ती नको. ‘बेताल’चा तर बेताशी संबंधच नाही, तो तालाचा.

नाशिकरोड

राहिलं एक. ‘तो रिमेक’ की ‘ते रिमेक’? दोन्ही वाचलंय.

पंचवटी

तो. चित्रपट पुल्लिंगी, सिनेमा पुल्लिंगी, म्हणून त्यांच्या मागोमाग रिमेकही पुल्लिंगी. ‘ते रिमेक’ हे अनेकवचन: दोन-तीन रिमेक एकदम पाहिलेत तर ‘ते रिमेक’ म्हणा.