पकिप्सीचा फलक: मजकूर आणि तारीख

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी रूरल सिमेट्रीत डॉ. आनंदीबाई जोशींच्या स्मृतिशिळेजवळ ऐतिहासिक फलक लावण्यासाठी अर्ज करायचा, हे बैठकीत ठरलं. कच्चा खर्डा असा: ‘डॉ. आनंदीबाई जोशी, १८६५–१८८७. भारताची पहिली महिला डॉक्टर. पती गोपाळराव यांच्या प्रेरणेने अमेरिकेत शिक्षण. अस्थी येथे विसावल्या आहेत.’ रविवारपर्यंत सूचना कळवा. अनावरणाला ढोल-ताशा ठेवायचा का, तेही लिहा.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

ढोल हवाच! पोरं कधीची विचारतायत. तारीख ११ मार्च घ्या. १८८६ साली याच दिवशी त्यांना पदवी मिळाली, आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या.

प्रेषक: ताई, वाचनकट्टा

कार्यवाह, खर्डा केलात ते बरं झालं, पण तो असाच्या असा पाठवू नका.

आपण ज्या जागेत फलक लावायला निघालोय, ती कार्पेंटर कुटुंबाची जागा आहे. आणि खर्ड्यात कार्पेंटरांचं नावच नाही. त्या अस्थी इथे हडसन नदीकाठी पोचल्या कशा, हे फलक वाचणाऱ्याला कळायला नको?

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. धर्म बदलणार असाल तर बघू, अशा थाटाचं उत्तर आलं. पत्र आणि उत्तर दोन्ही मिशनच्या मासिकात छापलं गेलं, आणि न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना वाचलं. त्यांनी आपणहून पत्र पाठवलं. धर्मांतराची अट नाही, काही नाही. पुढे पत्रांवर पत्रं झाली, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा न्यायला मावशीच हजर. आनंदीबाईंचं वय अठरा. रोझेलच्या घरात राहून मग फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश. क्षय घेऊनच परतल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक तशीच राहिली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. बावीसही पुरी नव्हती. अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठवल्या आणि मावशींनी त्या आपल्या घरच्या माणसांत ठेवल्या. त्या काळच्या अमेरिकेत एका हिंदू बाईला स्वतःच्या कुटुंबाच्या दफनभूमीत जागा देणं ही लहान गोष्ट नव्हे.

‘पहिली महिला डॉक्टर’ हेही मोघम आहे. कादंबिनी गांगुली त्याच १८८६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. बंगाली मंडळी फलकासमोर उभी राहून वाद घालतील, आणि त्यांचं चुकणार नाही. शिळेवर तर ‘शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री’ असं कोरलंय. ते त्या काळाचं आहे, तिथे राहू द्या. आपल्या फलकावर जात नको. ‘अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ एवढं म्हणा, ते पक्कं आहे.

गोपाळरावांचं नाव गाळा असं मी म्हणत नाही. पण ‘प्रेरणेने’ हा शब्द फार गुळगुळीत आहे. अभ्यासासाठी मारहाण करणारा नवरा होता तो. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत, आपण अमेरिकेला का जातोय, हे त्या स्वतः उभ्या राहून बोलल्या होत्या. बायकांना बाईच डॉक्टर हवी, हे त्यांचं म्हणणं. नवजात मूल गेल्याचं दुःख त्यामागे होतंच. तेव्हा ओळी कमी पडल्या तर गोपाळराव जाऊ देत, मावशी राहू देत.

माझा मजकूर: ‘आनंदीबाई जोशी, एम.डी. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, १८८६. रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी आपल्या घरी आसरा दिला. अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत.’ इंग्रजीत आडनावाचं स्पेलिंग शिळेवर आहे तसंच, Joshee, ठेवा, पासपोर्टावरच्या जोश्यांसारखं नको.

प्रेषक: खजिनदार

ताईंच्या मजकुराला माझं मत. बाकी व्यवहाराचं बोलतो.

निळ्यावर पिवळी अक्षरं असलेले हे फलक न्यूयॉर्क राज्याने १९२६पासून, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दीडशेव्या वर्षानिमित्त, लावायला सुरुवात केली. आता सरकार पैसे देत नाही. सिरॅक्यूजचं पोमरॉय फाउंडेशन अनुदान देतं, अर्ज मात्र नगरपालिकेने किंवा आपल्यासारख्या नोंदणीकृत ना-नफा संस्थेने करायचा. प्रत्येक विधानाला त्या काळचा अस्सल पुरावा लागतो, आपलं चरित्रवाचन चालत नाही. कॉलेजची कागदपत्रं फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ती काढू. टाउनचा इतिहासकारही गाठायला हवा; या राज्यात प्रत्येक गावाला तो नेमावाच लागतो.

दफनभूमी रूट ९ला लागून आहे. हमरस्त्याच्या कडेला खांब रोवायचा तर वाहतूक खात्याची परवानगी. त्यापेक्षा सिमेट्रीच्या विश्वस्तांकडे आतली जागा मागू. आणि मार्चमध्ये जमीन गोठलेली असते हो, खड्डा खणणार कोण?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मग ४ जून? त्याच तारखेला त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

प्रेषक: ताई, वाचनकट्टा

४ जून छान. ढोल नको. शेजारच्या थडग्यांना भेटायला आलेली माणसं असतात. उदबत्ती आणि नारळाचं आधी कार्यालयात विचारा. फुलं मात्र दोन्हीकडे वाहायची, कार्पेंटरांच्या दगडांवरही. जाताना पोरांना मॅथ्यू व्हॅसरची कबर दाखवू. बायकांसाठी कॉलेज काढणारा तो गृहस्थ तिथेच आहे.

प्रेषक: कार्यवाह

मजकूर ताईंचा, पुराव्यांची जुळवाजुळव खजिनदारांकडे. तारीख अर्ज मंजूर झाल्यावर, तोवर कोणी समाजमाध्यमांवर टाकू नका. कार्पेंटरांचे कोणी वंशज भेटले तर पहिलं निमंत्रण त्यांना. ढोलवाल्यांनी गणपतीला यावं.