ऑस्ट्रेलियातली पोरं स्पीडवेला सुरुवात कशी करतात? काळ्या वावरात सराव जमेल का?

रावेरकर_७
ख्रिस होल्डर, मॅक्स फ्रिक हे स्पीडवेचे (मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत) ऑस्ट्रेलियन रायडर लहानपणी काय चालवून वर आले? पुतण्या १४ वर्षांचा आहे, डर्ट बाइक बरी चालवतो. कापूस निघाला की वावर मोकळं असतं. तिथे लंबगोल आखून १५० सीसी गाडीवर शिकवलं तर? ब्रेक काढायचे का?

चेन_स्प्रॉकेट
ब्रेक काढू नका भो, आधी हेच सांगतो. स्पीडवेच्या गाडीला ब्रेक नसतो, पण तो खेळच तसा आहे: चौघं एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, चार फेऱ्या. कुणी मध्येच ब्रेक मारला तर मागचा थेट अंगावर येईल. ती गाडी ५०० सीसी, एकच सिलिंडर, इंधन मिथेनॉल, वजन किमान ७७ किलो. मनगटाला दोरी बांधलेली असते. रायडर पडला की इंजिन बंद. तुमच्या गाडीला सगळ्यात आधी हा कट-आउट बसवा.

पोरं एकदम ५०० वर बसत नाहीत. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालची राष्ट्रीय स्पर्धा १२५ सीसीवर होते. पुढे ५००, आणि मग इंग्लंड. होल्डर २००६ ला आयल ऑफ वाइटकडून दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये उतरला, २००८ ला पूल या गावच्या संघाकडून वरच्या लीगमध्ये, आणि २०१२ ला जगज्जेता झाला. फ्रिक २०१६ ला २१ वर्षांखालचा जगज्जेता. इंग्लंडला जायचं कारण साधं आहे: दर सामन्याला १५ हीट (चार फेऱ्यांच्या छोट्या शर्यती), आणि प्रत्येक गावचा ट्रॅक वेगळा. एकाच ट्रॅकवर घोटलेलं पोरगं दुसरीकडे गडबडतं.

मुरूम_गिट्टी
काळ्यात नको. काळी माती ओली असली की चाकाला लागून मडगार्डमध्ये बसते, वाळली की भेगा पडतात आणि पुढचं चाक भेगेत अडकतं. वर १० सेंमी डोंगरचा मुरूम टाका, पाणी मारा, रोलर फिरवा, मग त्यावर बोटभर सुटा थर ठेवा. मागचं चाक घसरायला तो सुटा थर लागतोच. चार-पाच फेऱ्यांतच माल बाहेरच्या कडेला जाऊन ढीग होतो आणि आतली बाजू गुळगुळीत होते. ट्रॅक्टरमागे लोखंडी फळी लावून तो परत आत ओढायचा, नाहीतर त्या ढिगात चाक गेलं की गाडी उसळते.

रावेरकर_७
तापीची वाळू चालेल?

मुरूम_गिट्टी
नाही. गोल दाणा बसत नाही, नुसता पळतो. खडबडीत कडेचा मुरूमच दबतो.

चेन_स्प्रॉकेट
शिकवताना दोन टायर एकमेकांपासून ३० मीटरवर ठेवा आणि त्यांच्याभोवती डावीकडे वळत फिरवा, दुसरा गिअर, वेग कमी. सगळे चुकतात ते इथे: गाडी आडवी झाली की घाबरून रेस (थ्रॉटल) सोडतात. मागचं चाक एकदम पकड घेतं, गाडी सरळ होते आणि पोराला बाहेरच्या बाजूला फेकते. रेस धरून ठेवायची, हँडल उजवीकडे वळवायचं, वजन उजव्या फुटरेस्टवर. डावा पाय फक्त टेकवायचा, त्यावर भार गेला तर गुडघा पिळतो. बुटाखाली लोखंडी तळ लावतात तो पाय मातीत न रुतता सरकावा म्हणून.

मिथेनॉलच्या नादाला लागू नका. पेट्रोलच्या दुप्पट-अडीचपट इंधन लागतं, म्हणून कार्ब्युरेटरमधले जेटच (इंधन सोडणारी भोकं) वेगळे. शिवाय ते विषारी आहे, ज्योत उन्हात दिसत नाही, आणि परवान्याशिवाय मिळत नाही. १५० ला पेट्रोलच ठेवा.